तीन झाडांमागून जाणारी गाडी

डच चित्रकार रेम्ब्रांटचं ‘तीन झाडं’ हे एचिंग, म्हणजे आम्लाने खाल्लेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, समोर आलं की नजर आधी उजवीकडच्या झाडांवर जाते, मग डावीकडच्या वादळी आभाळावर, आणि बहुतेकांची तिथंच थांबते. चित्र 1643 सालचं. आकार साधारण 21 सेंटीमीटर उंच आणि 28 सेंटीमीटर रुंद, म्हणजे ए-फोर कागद आडवा धरल्यावर होतो त्याहून जरासा लहान. रेम्ब्रांटच्या निसर्गदृश्यांच्या एचिंगमध्ये आकाराने हेच सगळ्यात मोठं.

एवढ्याशा कागदात माणसं बरीच आहेत. डाव्या कोपऱ्यात पाण्याकाठी गळ टाकलेला माणूस, शेजारी बाई. मधल्या सपाट कुरणात गुरं आणि त्यांच्यामागची माणसं, प्रत्येक जण जेमतेम एकदोन मिलिमीटरचा. क्षितिजावर शहर, बहुधा अ‍ॅमस्टरडॅम. उजवीकडच्या उंचवट्यावर माणसांनी भरलेली एक गाडी चालली आहे. त्याच उंचवट्यावर एक चित्रकार वादळाकडे पाठ करून कागदावर काहीतरी काढत बसलाय. आणि उजवीकडे खाली, झुडपाच्या काळोखात, एक जोडपं. ते सापडायला भिंग लागतं.

जुन्या चित्रातला प्रवास आणि कष्ट वाचायचे तर अशा चित्रात ते झाडांमध्ये सापडत नाहीत, या बारीक खुणांमध्ये सापडतात. पण खूण वाचायच्या आधी ती कशी उमटली हे कळायला हवं. नाहीतर आम्लाच्या चुकीला आपण पाऊस समजतो आणि झिजलेल्या पत्र्याला धुकं. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी धातू, मग कागद, मग डावं-उजवं, त्यानंतर माणसं आणि अवजारं. प्रतीकं वगैरे सगळ्यात शेवटी.

धातू

एचिंगची कृती सांगायला सोपी. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा, त्याला ग्राउंड म्हणतात. थर धुरावर काळा करतात, म्हणजे सुईने खरवडल्यावर खालचं तांबं चमकून दिसतं. सुईने चित्र काढायचं. तांबं कापायचं नसतं, फक्त थर बाजूला सारायचा असतो, म्हणून हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. मग पत्रा आम्लात. जिथं तांबं उघडं पडलंय तिथं आम्ल खातं. हलक्या हव्यात त्या रेषा पुरेशा खाल्ल्या गेल्या की पत्रा बाहेर काढून त्या रेषांवर वार्निश लावायचं आणि बाकीच्या पुन्हा आम्लात सोडायच्या. जास्त वेळ बुडालेली रेषा खोल, जास्त शाई धरणारी, म्हणून कागदावर जाड आणि काळी. अब्राहम बॉस या फ्रेंच माणसाने या कामाचं पुस्तक 1645 मध्ये छापलं, म्हणजे ‘तीन झाडं’ नंतर दोनच वर्षांनी.

छापताना सगळ्या पत्र्यावर शाई चोळायची, मग जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसायची. शाई फक्त खाचांत उरते. ओला कागद वर ठेवून, त्यावर लोकरी बनात घालून दोन रुळांमधून दाबून काढला की कागद खाचांत शिरून शाई उचलतो. म्हणून खऱ्या एचिंगमध्ये रेषा कागदावर किंचित उठून येतात आणि पत्र्याच्या कडेचा दाब चौकटीसारखा उमटतो.

आता रेषेच्या जाती. दहा पटीचं भिंग घेतलं तर तिन्ही वेगळ्या ओळखता येतात. आम्लाने खाल्लेली रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकाच जाडीची आणि टोकाला बोथट. ब्यूरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने थेट तांब्यात कोरलेली रेषा टोकाला निमुळती, मध्ये फुगलेली आणि शिस्तीतली. तिसरी ड्रायपॉइंटची. यात सुईनेच तांबं खरवडतात आणि कडेला धातूचा कीस उभा राहतो, त्याला बर म्हणतात. बर शाई धरून ठेवतो, म्हणून रेषेच्या बाजूला मखमलीसारखा काळा पसारा दिसतो.

‘तीन झाडं’मध्ये या तिन्ही आहेत, आणि कुठली कुठं हे बघण्यात खरी गंमत आहे. पानं, गवत, माणसं यांच्यात एचिंगची भिरभिरती रेष आहे. डावीकडच्या आभाळात मात्र तिरप्या सरळ रेषांचा जाड पट्टा वरून खाली उतरतो, जणू पट्टी लावून ओढलाय. एरवी इतक्या सैल हाताने काढणाऱ्या माणसाने इथं हात मुद्दाम ताठ केला. त्या रेषा पावसाच्या सरी आहेत हे तर उघडच आहे. पण सरळ, कठीण रेष आणि वळवळणारे ढग शेजारी ठेवल्यामुळे सर येतेय आणि ढग फिरतोय, हे दोन्ही वेगळे वेग डोळ्याला जाणवतात. काळ्या-पांढऱ्या कागदावर वेग दाखवायला चित्रकाराकडे याहून फार साधनं नव्हती.

काय बिघडतं

ग्राउंड नीट बसला नाही की आम्ल नको तिथं शिरतं आणि बारीक ठिपके उमटतात. ग्राउंडला तडे गेले तर जाळीसारख्या रेघा येतात. रेम्ब्रांटच्याच 1641 सालच्या ‘पवनचक्की’ या एचिंगच्या आभाळात अशी जाळी स्पष्ट दिसते. तिला हवेचा, उष्म्याचा परिणाम म्हणणारे भेटतात. ती तडकलेल्या थराची खूण आहे. त्याने ती घासून काढली नाही, एवढाच त्याचा निर्णय.

बर फार टिकत नाही. काही डझन ठसे काढले की दाबाने तो झिजतो आणि मखमली काळं करडं होतं. एचिंगच्या रेषा जास्त तग धरतात, पण शेवटी त्याही उथळ होतात. त्यामुळे एकाच पत्र्याचे दोन ठसे दोन वेगळ्या वेळा सांगतात. ‘तीन झाडं’च्या उजव्या कोपऱ्यातलं जोडपं ही यासाठी छान चाचणी आहे. पुसताना शाई जास्त राहिली तर ती दोघं काळ्यात बुडतात. ठसा झिजलेल्या पत्र्याचा असला तर झुडूपच फिकं पडतं आणि लपण्यातला अर्थ जातो. पुस्तकातल्या छोट्या छपाईत तर ती बहुधा नाहीतच. ज्याने फक्त पुस्तकातलं चित्र पाहिलं त्याला चित्रात सहा-सात ठिकाणी माणसं आहेत हे सांगूनही पटत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या साइटवर मोठ्या आकाराची प्रतिमा फुकट उतरवता येते. ती घ्यावी आणि पडद्यावर पूर्ण चित्र न बघता तुकड्या-तुकड्याने सरकवत बघावी.

विकत घ्यायला निघालेल्यांसाठी एक सूचना. पत्र्याच्या दाबाची चौकट दिसली म्हणजे ठसा जुना, असं नाही. 19व्या शतकात पॅरिसमध्ये आमाँ-द्युराँ याने रेम्ब्रांटच्या एचिंगच्या नकला फोटोच्या मदतीने तांब्यावर उतरवल्या. त्यांनाही चौकट आहे आणि काम इतकं सुबक की भिंगालाही विचार करावा लागतो. कागद उलटा करून मागे त्याचा शिक्का आहे का ते बघायचं. भिंगाखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर प्रश्नच मिटला, ती आजची छपाई. शिवाय जुने पत्रे पुढच्या मालकांनी पुन्हा कोरलेही आहेत. कॅप्टन विल्यम बेली या माणसाने रेम्ब्रांटच्या ‘शंभर गिल्डर’ म्हणून गाजलेल्या पत्र्यावर 1775 मध्ये आपला हात फिरवला, ठसे काढले आणि नंतर पत्र्याचे चार तुकडे केले. अशा ठशातली एखादी रेष दाखवून ‘रेम्ब्रांटला इथं काय म्हणायचंय’ हा प्रश्न विचारणं फुकट आहे.

डावं-उजवं

पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. चित्रकाराने समोर बघून जसंच्या तसं काढलं असेल, तर ठशात जग आरशातलं होतं. रेम्ब्रांटने अ‍ॅमस्टरडॅमचं शहर दाखवणारं एक एचिंग 1640 च्या सुमारास केलं, त्यात शहराचे मनोरे असे उलट्या क्रमाने आलेत. 1629 सालच्या एका आत्मचित्रात तर त्याची सही आणि सालच आरशातले आहेत.

कष्टांची चित्रं वाचताना हे फार महत्त्वाचं. विळा डाव्या हातात, तलवार उजव्या कमरेला, सगळे मजूर डावखुरे, असं दिसलं की लगेच त्यातून रीतिरिवाज काढू नयेत. आधी बघावं की त्याच चित्रात अक्षरं आहेत का, ओळखीची इमारत आहे का, आणि चित्रकाराचं मूळ रेखाटन कुठं उपलब्ध आहे का. सूर्य कुठल्या बाजूला आहे यावरून सकाळ की संध्याकाळ ठरवणारेही असतात. आरशातल्या चित्रात तो हिशेब पुरता उलटा होतो.

गाडी उंचावर का

आता गाडीकडे येऊ. अ‍ॅमस्टरडॅमच्या आसपासचा मुलूख तव्यासारखा सपाट. तिथं उंचवटा दिसला तर तो बहुधा माणसाने घातलेला, पाणी अडवणारा बांध असतो. खाली जमीन ओली, चरांनी कापलेली. कोरडी आणि कायम वर राहणारी पट्टी बांधाचीच, म्हणून रस्ताही बांधावरूनच जातो. गाडी वर आहे ती चित्र सुंदर दिसावं म्हणून ठेवली असेलही, पण हॉलंडमधला गाडीवान पावसाळी दिवसात दुसरीकडून गेलाच नसता.

गाडीत माल नाही, माणसं आहेत. त्या काळात हॉलंडमधल्या प्रवासाचा मोठा भाग पाण्यावरून होऊ लागला होता. अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम हा खास कालवा 1632 मध्ये खुला झाला. काठावरून घोडा दोर ओढत चालायचा आणि मागे नाव, वेग ताशी सात किलोमीटरच्या आसपास, सुटायची वेळ ठरलेली. नाव धक्के देत नाही, चिखलात रुतत नाही. म्हणजे 1643 मध्ये बांधावरून हिंदकळत जाणारी ही गाडी प्रवासाच्या जुन्या पद्धतीतली आहे. कालवा जात नाही अशा गावांना मात्र तीच.

कुरणात गुरं आहेत, नांगर नाही. यालाही कारण आहे. हॉलंडची जमीन बरीचशी कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची. पाणी काढत गेलं तशी ती आक्रसून खचली, आणखी ओली झाली आणि धान्याला निकामी ठरली. मग गवत, गाई, लोणी, चीज. धान्य बाल्टिक समुद्रापलीकडून जहाजाने यायचं. ज्या चित्रात आपण ‘शेती’ शोधत असतो तिथं शेतकऱ्याचं सगळं काम दूध आणि चर या दोन गोष्टींभोवती फिरत होतं. पावसाची सर येत असताना कुरणातल्या माणसांनी लगबगीने घरी का पळावं? गाईची धार काढायची वेळ पावसाने बदलत नाही.

गळ टाकणारा मच्छीमार नव्हे. धंदा करणारा जाळं, होडी, टोपल्या घेऊन असतो. एक काठी, एक दोरी आणि शेजारी बसलेली बाई म्हणजे फार तर घरच्या कालवणापुरती सोय, नाहीतर नुसता वेळ. चित्रात कष्ट, प्रवास आणि निवांतपणा असे तिन्ही शेजारी ठेवलेत, आणि चित्रकार स्वतःसारखाच एक माणूस वर बसवून मोकळा झालाय. त्या माणसाला मागचं वादळ दिसतच नाही, हा रेम्ब्रांटचा विनोद मानायला माझी हरकत नाही.

तीन झाडं म्हणजे येशू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे चोर यांचे तीन क्रूस, हे स्पष्टीकरण जुनं आणि लोकप्रिय आहे. आदल्याच वर्षी, 1642 मध्ये, त्याची बायको सास्किया वारली होती, हेही जोडलं जातं. तसं असेलही. पण ज्याला क्रूस दिसले आणि गाडी दिसली नाही त्याने चित्र वाचलं असं म्हणवत नाही.

दारावर आलेला माणूस

तीन झाडांतली माणसं मुंगीएवढी, म्हणून जोडीला त्याचंच 1632 सालचं ‘उंदराचं औषध विकणारा’ बघावं. हे तळहातात मावेल एवढं चित्र, पण माणूस मोठा. गावोगाव फिरणारा विक्रेता एका घराच्या दाराशी उभा आहे. हातात उंच काठी, तिच्या टोकाला टोपली, टोपलीला मेलेले उंदीर लटकलेले. हीच त्याची पाटी, वाचता न येणाऱ्यालाही कळणारी. खांद्यावर एक जिवंत उंदीर. सोबत पोरगा, त्याच्याकडे औषधाची पेटी. दार डच पद्धतीचं, आडवं दुभागलेलं. वरचा अर्धा उघडा, खालचा बंद. म्हणजे बोलता येतं, पण आत पाऊल टाकता येत नाही. घरमालक तोंड फिरवून हातानेच नको म्हणतोय.

फिरस्त्याच्या धंद्याचा सगळा हिशेब त्या अर्ध्या दारात आहे. माल उंबऱ्याबाहेरूनच विकायचा, नकार रोजचा, आणि जाहिरातीचा बोजा स्वतःच वाहायचा. काठी, टोपली, पेटी, पोरगा या चार गोष्टी मोजल्या तरी त्याचं भांडवल कळतं.

आपल्याकडची चित्रं

मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात बैलगाडीचं, घाटाचं किंवा पालखीचं चित्र हाती आलं की विकणारा हमखास ‘एचिंग’ म्हणतो. त्यातली बरीचशी एचिंग नसतात. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांपैकी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ 1842 मध्ये आणि ‘ग्राफिक’ 1869 मध्ये सुरू झालं. त्यांतली जुनी चित्रं लाकडावर कोरलेली, बॉक्सवूडच्या आडव्या छेदावर. हे झाड बारीक असल्याने मोठा ठोकळा मिळत नाही. लहान ठोकळे बोल्टने जोडून पानभर ठोकळा बनवत आणि घाईच्या कामात तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. चित्रात आरपार जाणारी केसाएवढी सरळ पांढरी रेघ दिसली तर तो ठोकळ्यांचा सांधा. लाकडात पांढरा भाग कोरून काढतात आणि वर उरलेलं छापलं जातं, त्यामुळे पत्र्याच्या दाबाची चौकट नसते आणि मागच्या बाजूला बहुतेक वेळा बातम्यांचा मजकूर असतो. मूळ रेखाटन हिंदुस्थानात झालेलं असलं तरी ते ठोकळ्यावर उतरवणारा लंडनचा, बैल त्याने कदाचित पाहिलेलाही नसायचा.

खरी एचिंग हवी असतील तर बाल्थझार सोल्विन्सची बघावीत. हा अँटवर्पचा माणूस 1791 मध्ये कलकत्त्याला आला आणि बंगालमधले धंदे, नोकरचाकर, गाड्या, पालख्या, होड्या, वाद्यं अशी एकेक गोष्ट पत्र्यावर उतरवत बसला. 1799 मध्ये 250 रंगवलेल्या एचिंगचा संग्रह पूर्ण झाला. पैशाच्या दृष्टीने बुडाला. 1808 ते 1812 मध्ये पॅरिसहून 288 चित्रांचे चार मोठे खंड काढले, तेही बुडाले. मधल्या काळात एडवर्ड ऑर्म या लंडनच्या प्रकाशकाने त्यातल्या 60 चित्रांच्या गोंडस नकला काढल्या आणि त्या जास्त खपल्या. सोल्विन्सची मूळ चित्रं राकट, मळकट रंगांची आहेत. पण श्रमाची साधनं बघायची असतील तर माझं मत मूळ चित्रांनाच. नकलेत माणूस सुंदर होतो आणि अवजार सैल होतं.

बैलगाडी खरी काढलीय की नाही हे तपासायला चाक आणि खांदा पुरतात. तुंब्यातून, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्यातून, निघालेले आरे मोजावेत. चाकाची लाकडी कड पाट्यांच्या तुकड्यांची जोडलेली असते आणि एका पाट्यात सहसा दोन आरे बसतात, म्हणून आऱ्यांची संख्या सम यायला हवी. नऊ किंवा अकरा आले तर चित्रकाराने चाक बघितलं नाही, आठवलं. मग कडेला लोखंडी धाव आहे की नुसतं लाकूड ते बघावं. जू वशिंडाच्या पुढे, मानेच्या मुळाशी टेकलेलं हवं आणि मानेच्या दोन्ही बाजूंना शिवळा, म्हणजे जुवातल्या उभ्या खुंट्या, दिसायला हव्यात. घोड्यासारखा छातीवर पट्टा किंवा गळ्यात कॉलर असेल तर बैलाच्या जागी लंडनचा घोडा उभा आहे. ओझ्याचा तोलही सांगून जातो. माल आखाच्या मागे जास्त रचला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला जोत, म्हणजे जुवाला बांधलेला गळ्याखालचा पट्टा, फास लावतं. पुढे जास्त झाला तर सगळा भार मानेवर. मागे डोंगरासारखी गवताची रास आणि बैल मान खाली घालून शांत चाललेत, असं चित्र बघायला छान दिसतं, पण अशी गाडी दहा पावलं जाणार नाही. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं दाखवलं असेल तर मात्र चित्रकाराने गाडी वाकून बघितली होती.

रस्त्याचं सालही बघावं. बोरघाटात 1804 मध्ये तोफा ओढण्यापुरता रस्ता झाला आणि गाड्यांसाठीचा नीट रस्ता 1830 मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना खुला झाला. त्याआधी घाटावरचा माल उतरायचा तो बैलांच्या पाठीवरच्या गोणींतून, लमाणांच्या तांड्यांबरोबर. म्हणून 1830 च्या आधीचं म्हणून दाखवलेल्या खंडाळ्याच्या चित्रात भरलेल्या मालगाड्यांची रांग असेल, तर एकतर साल चुकलंय किंवा रांग लंडनमध्ये घातलीय. आणि ओझ्याचे बैल असतील तर त्यांच्या पाठीकडे बघायचं. गोण दोन्ही बाजूंना सारखी लोंबते, आणि त्या बैलाला जू नसतं.